संस्कृतीच्या माथी मारलेले मौन

आरोग्यसेवेवरची चर्चा लघवीवरच्या ताब्यापर्यंत, अंग बाहेर येण्यापर्यंत किंवा कामजीवनातल्या अडचणींपर्यंत आली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपल्या संस्कृतीत हे विषय बोलले जात नाहीत.’ डॉक्टर ते म्हणतात, समाजशास्त्राचे अभ्यासक म्हणतात, आणि परदेशातल्या शोधनिबंधांत तर ‘दक्षिण आशियाई स्त्रिया’ म्हटले की ते गृहीतच धरलेले असते. या वाक्यातून पुढे दोन निष्कर्ष काढले जातात. रुग्ण उशिरा येतो याचे कारण त्याची लाज, म्हणजे त्याची संस्कृती, हा पहिला. दुसरा असा, की सांस्कृतिक भान ठेवून उपचार करायचे तर या लाजेला धक्का लावू नये; रुग्णाने आपणहून विषय काढला तर बोलावे, नाहीतर गप्प बसावे.

हे दोन्ही निष्कर्ष मला चुकीचे वाटतात, आणि ज्या वाक्यातून ते निघतात ते वाक्यही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा, कारण तो निराधार नाही. सासू शेजारी बसलेली असताना सून अंगावरून पांढरे जाते एवढेही सांगत नाही. खोकताना, शिंकताना लुगडे ओले होते म्हणून लग्नकार्याला जाणे सोडलेल्या बायका आहेत. नातलगांना त्या गुडघेदुखीचे कारण सांगतात. मधुमेह झालेला पन्नाशीचा पुरुष रक्तातली साखर नेमाने तपासून घेतो, पण बायकोजवळ जाणे बंद झाले आहे हे डॉक्टरांपाशी काढत नाही. पुरुष डॉक्टरकडून आतली तपासणी करून घेणे अनेक स्त्रियांना नको वाटते. यातले काहीही खोटे नाही. शिवाय या मतामागे एक भला हेतू आहे : रुग्णावर काही लादू नये, त्याच्या रीतिरिवाजांचा मान राखावा. ज्या समाजाने सरकारी नसबंदीच्या मोहिमा सोसल्या, त्या समाजात ही सावधगिरी अगदी समजण्यासारखी आहे.

मात्र निरीक्षण खरे असले म्हणून त्याला जोडलेले कारण खरे ठरत नाही. आपली संस्कृती हेच जर मौनाचे कारण असेल, तर जिथे ती संस्कृती नाही तिथे लोक मोकळेपणाने बोलताना दिसायला हवेत. तसे दिसते का?

नॉर्वेचे उदाहरण घेऊ. लैंगिक शिक्षण, स्त्री-पुरुष समता, मोफतच्या जवळपास जाणारी आरोग्यसेवा या सगळ्यांत तो देश जगात पुढे. तिथे १९९० च्या दशकात ‘एपिनकॉन्ट’ नावाची मोठी पाहणी झाली. एकाच परगण्यातल्या २७,९३६ स्त्रियांनी तिच्यात उत्तरे दिली. लघवी नकळत होण्याचा त्रास चौघींपैकी एकीला होता. त्या त्रासलेल्या बायकांपैकी डॉक्टरांना सांगितले होते फक्त २६ टक्के जणींनी. म्हणजे ओस्लोच्या उत्तरेला, जिथे ना सासू शेजारी बसते ना डोक्यावरून पदर घेतला जातो, तिथेही चारांतल्या तिघी गप्पच होत्या. पुढे २००४ साली ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन या चार देशांतली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ब्रिटन आणि स्पेनमध्ये प्रमाण जवळपास हेच निघाले. सर्वांत पुढे असलेल्या जर्मनीतसुद्धा निम्म्याहून कमी बायका डॉक्टरकडे गेल्या होत्या. ‘वय झाले की व्हायचेच’, ‘बाळंतपणानंतर सगळ्यांनाच होते’ ही कारणे भारतीय बायकांच्या तोंडची म्हणून शोधनिबंधांत नोंदलेली असतात. युरोपातल्या बायकाही तेच म्हणतात. शरीरावरचा ताबा सुटण्याची लाज माणसाला लहानपणी, चड्डी ओली करू नये हे शिकताना लागते, आणि ती जगभर लागते. तिला ‘आपली संस्कृती’ म्हणणे म्हणजे एका सार्वत्रिक गोष्टीचे ओझे एकाच समाजावर टाकणे.

आता उलट बाजू पाहू. आपल्या समाजात हे विषय बोललेच जात नाहीत, हे तरी खरे आहे का?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. तो महाराष्ट्रात नावाने सर्वांना माहीत आहे. त्याचा अर्थ मात्र पुरता लक्षात घेतला गेलेला नाही. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी ३.६ आजार. या आकड्यांनी जगाचे लक्ष वेधले आणि ते योग्यच झाले. मला मात्र त्याच अभ्यासातला तिसरा आकडा अधिक बोलका वाटतो : याआधी कधीही आतली तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. आणि तरीही, विश्वासातल्या स्त्री डॉक्टरने नीट समजावून विचारल्यावर गडचिरोलीच्या खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर ६५० स्त्रिया आतल्या तपासणीला तयार झाल्या. त्यांनी काय होते ते सांगितले, कुठे दुखते ते दाखवले. ‘आमच्याकडच्या बायका तपासून घेत नाहीत’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण. त्यांची तपासणी झाली नव्हती, कारण कुणी केली नव्हती. त्या काळात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आणि बाळंतपण सोडले तर ग्रामीण स्त्रीच्या गर्भाशयाकडे सरकारी आरोग्ययंत्रणेचे लक्षच नव्हते.

शहरी मराठी पुरुषाचेही तसेच. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र काढले तेही त्याच वर्षी. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचक त्यांना पत्रे लिहून विचारत : हस्तमैथुनाने शक्ती जाते का, समलिंगी ओढ हा रोग आहे का, लग्नानंतर अमुक अडचण येते तिचे काय करावे. प्रश्न मराठीत येत, उत्तरे मराठीत छापली जात. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. लोक विचारत होते, उत्तर देणारा दंड भरत होता. आणि दंड ज्या कायद्याखाली झाला तो आला होता इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून. व्हिक्टोरियन काळातला हा सोवळेपणा आपल्या शिक्षित वर्गाने इतका अंगी मुरवला, की आज तोच ‘आपली संस्कृती’ म्हणून सांगितला जातो. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’ या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ज्या समाजात हे विषय बोलले जात नाहीत, तिथे ती पुस्तके कोण विकत घेत होते?

त्याहून मागे गेले तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्यायच मुळी कोणते वेग दाबून धरू नयेत यावर आहे. असे १३ वेग तिथे सांगितले आहेत. शिंक, ढेकर, जांभई, आसवे यांच्याच पंगतीत मूत्र आणि शुक्रही बसले आहेत, कसलाही आडपडदा न ठेवता. चिकित्सास्थानात योनीचे वीस विकार मोजले आहेत आणि क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार, त्यांतला एक म्हातारपणाचा. या ग्रंथांतले उपचार आज जसेच्या तसे लागू पडतात असे मी म्हणत नाही. त्याला स्वतंत्र पुरावा लागेल. परंपरेत हे शब्द उच्चारायला बंदी होती हे विधान टिकत नाही, एवढाच माझा मुद्दा.

आता या मतामुळे प्रत्यक्षात काय नुकसान झाले, ते पाहायला बीड जिल्ह्यात जावे लागेल. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले, की तीन वर्षांत बीडमध्ये ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती तिने घेतली; त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या.

या स्त्रिया गप्प बसल्या होत्या का? मुळीच नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, पाळी लांबते, हे सांगायलाच त्या दवाखान्यात गेल्या होत्या. फडावरून सुट्टी घेऊन, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो हे ठाऊक असताना, पदरचे पैसे खर्चून गेल्या होत्या. बोलण्याचे सगळे धाडस त्यांनी केले. त्याबदल्यात त्यांना ऐकवले गेले, की पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. जंतुसंसर्गावर गोळ्यांनी काम भागले असते. पांढरे जाणे अनेकदा आजारही नसतो. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, ना संडास, ना पाणी, ना कपडा बदलायला आडोसा. पहाटे अंधारात उठून जावे लागते म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे, लघवी तुंबवून ठेवायची, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचे. या जगण्याची चौकशी करायला कोणालाही वेळ नव्हता. आणि पिशवी काढून लघवीची तक्रार जाते म्हणावे, तर तेही नाही. स्वीडनमध्ये दीड लाखांहून अधिक गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचा मागोवा घेतलेला अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. लघवी सुटते म्हणून पुढे शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका त्यांच्यात दुपटीहून जास्त निघाला.

बीडच्या बातम्या आल्या तेव्हा अनेक सुशिक्षितांनी म्हटले, की ग्रामीण स्त्रियांत अज्ञान आहे, त्या पाळीच्या कटकटीतून सुटायला स्वतःच शस्त्रक्रिया मागतात. इथेही पुन्हा संस्कृतीच पुढे केली गेली. मजुरी, मुकादम, पाणी, संडास, खासगी दवाखान्याचे अर्थकारण या सर्व गोष्टी त्या एका शब्दाआड गेल्या. उलट, बाळंतिणीने सव्वा महिना जड उचलू नये ही रीत आपल्याच संस्कृतीत आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणले जातात, त्यांना सावरायला वेळ लागतो, हे आधुनिक शास्त्रही सांगते. ऊसतोड मजूर बाईला ती रीत माहीत नसते असे नाही. ती पाळणे तिला परवडत नसते. तिचे अंग बाहेर आले तर तो तिच्या संस्कृतीचा दोष ठरवणे हा अन्याय आहे.

याच चुकीचा दुसरा अवतार मनोविकारशास्त्रात सापडतो. ‘धात जाते, त्यामुळे अशक्तपणा आला’ ही तरुण पुरुषांची तक्रार. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती भारतीय उपखंडापुरती, संस्कृतीने बांधलेली व्याधी म्हणून जाऊन बसली. तिचे वर्णन बिनचूक होते. पण ती फक्त आपली कशी? लोझानचा डॉक्टर तिसो याने १७६० साली वीर्यनाशाने मेंदू, डोळे आणि आयुष्य खलास होते असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते युरोपभर वाचले गेले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये ‘स्पर्मॅटोरिया’ हे रोगाचे अधिकृत नाव होते; अमेरिकेत त्यावर आहाराचे पंथ निघाले. २००४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री’त सुमतिपाल, सिरिबद्दन आणि भुग्रा या तिघांनी हा इतिहास पुढे ठेवून विचारले, की जी भीती शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेतही होती, तिला एका प्रदेशाची संस्कृती कसे म्हणायचे?

गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या अभ्यासात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि खिन्नतेशी अधिक घट्ट आहे. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ‘अशक्तपणा आला आहे, अंगावरून जाते’ असे म्हणणारी बाई कदाचित नवऱ्याच्या दारूबद्दल, मारहाणीबद्दल, रात्रीच्या बळजबरीबद्दल सांगत असते. ज्या वाटेने दवाखान्यात जायला घरचे हरकत घेणार नाहीत, ती वाट तिने निवडलेली असते. तिला नुसत्या गोळ्या देऊन पाठवले तर तिचे बोलणे वाया गेले. तिच्या तक्रारीला ‘सांस्कृतिक’ म्हणून बाजूला सारले तरी वाया गेले.

मग सांस्कृतिक भान असलेली सेवा म्हणजे काय? दवाखान्यांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तिकांत तिचा अर्थ बहुधा याद्यांचा असतो : हिंदू स्त्री असे मानते, मुस्लिम रुग्ण तसे करतात, आदिवासी अमुक खात नाहीत. अशा याद्या धोकादायक असतात, कारण समोरच्या माणसाला विचारण्याची गरजच त्या संपवतात. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकापासून सोपी रीत सांगितली : आजार कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, त्याने तुमचे काय अडले, कशाची भीती वाटते, हे रुग्णालाच विचारा. माझ्या मते यापलीकडे फार मोठे शास्त्र लागत नाही. लागते ते प्रश्न तोंडातून काढण्याचे वळण.

‘विचारले तर रुग्ण दुखावेल’ हा आक्षेप इथे येतो. कसे विचारता यावर ते आहे. ‘तुम्हाला इन्कॉन्टिनन्स आहे का’ याला कोणीही नाहीच म्हणेल. ‘काकू, या वयात खोकताना, हसताना, हंडा उचलताना पुष्कळ जणींचे कपडे थोडे ओले होतात. तुम्हाला होते का तसे?’ हा प्रश्न बाई ऐकते, आणि आपण एकटी नाही हे तिला उत्तराआधीच कळते. ‘घाई लागली की मोरीपर्यंत पोचेस्तोवर होऊन जाते का?’ या दुसऱ्या प्रश्नाने त्रासाचा दुसरा प्रकार ओळखू येतो, आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत. मधुमेहाच्या रुग्णाला : ‘साखरेमुळे पुष्कळ पुरुषांना संबंधात अडचण येते, त्यावर इलाज आहे, तुमचे कसे काय?’ एवढे पुरते. सासू, नवरा, नातू यांना दोन मिनिटे बाहेर बसवायचे, आणि ते सगळ्यांच्याच बाबतीत करायचे, म्हणजे कोणाला खास वगळले असे वाटत नाही. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईची दुभाषी तिची शाळकरी मुलगी असू नये. तपासणीच्या टेबलाभोवती पडदा, सोबत परिचारिका, आणि काय करणार हे आधी सांगणे. यातले काहीच महाग नाही.

त्यानंतर रुग्णाच्या दिवसाची माहिती घ्यावी, कारण संस्कृती सर्वांत ठळकपणे तिथेच भेटते. भिवंडीतली एखादी मुस्लिम आजी लघवीचा थेंब थांबत नाही म्हणून नमाज सोडून देते आणि त्या दुःखाने खंगते. हनफी धर्मशास्त्रात अशा माणसाला ‘माजूर’ मानून दर नमाजाच्या वेळेला एकदा वुजू (नमाजापूर्वीची शुद्धी) केले की पुरे, अशी सवलत आहे. ही गोष्ट डॉक्टरला ठाऊक असली आणि त्याने आजीला मौलवींना विचारून घ्यायला सांगितले, तर एका वाक्यात तिचे अर्धे दुःख हलके होते. डॉक्टरने फतवा देऊ नये. धर्माचा जाणकार कोण, हे मात्र सांगता येते. सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई, वारीला निघालेली माळकरी, देवळात कीर्तनाला बसणारी आजी, यांचे प्रश्न वेगळे, पण विचारण्याची रीत तीच. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला उकिडवे बसता येत नाही, संडास अंगणापलीकडे आहे, रात्री दिवा नाही. त्याचे मूत्राशय धडधाकट असूनही अंथरूण ओले होते. त्याला औषध नको. खाटेशेजारी भांडे, भिंतीला धरायला दांडी आणि कमोडची खुर्ची हवी. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी चालवलेली ‘राइट टू पी’ मोहीम मला याच कामाचा भाग वाटते. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, ही रीत मोडण्यासाठी त्या रस्त्यावर उतरल्या; ‘लघवी’ हा शब्द सभेत उच्चारायला त्यांना संकोच वाटला नाही.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने शोधग्रामला दवाखाना बांधला. मोठ्या दवाखान्याची भीती वाटते हे आदिवासींनी सांगितल्यावर त्याची मांडणी त्यांच्या वस्तीसारखी केली आणि नाव दिले त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी. आत मिळणारे वैद्यक मात्र पूर्ण आधुनिक. रूप लोकांच्या मनासारखे आणि उपचार पुराव्याने सिद्ध झालेला, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आणि उपचार आहेत, हे मोठ्याने सांगायला हवे. मौनाचे एक कारण असेही आहे, की सांगून काही होत नाही असा लोकांचा अनुभव आहे. खोकताना लघवी सुटण्यावर पहिला उपचार ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. लघवी आणि वारा अडवताना आपण जे स्नायू आत ओढतो, तेच आवळायचे आणि सैल सोडायचे. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. (लघवी करताना धार मधेच थांबवून रोज सराव करू नये, तो सल्ला जुना झाला.) २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात हा व्यायाम केलेल्या स्त्रियांपैकी ५६ टक्के बऱ्या झाल्या, न केलेल्यांपैकी ६ टक्के. याला खर्च नाही, खोली लागत नाही, भाकऱ्या थापतानाही करता येतो. आशाताई तो शिकवू शकतात. घाई लागणाऱ्यांना मूत्राशयाची सवय हळूहळू वाढवण्याचा सराव आणि चहा कमी करणे उपयोगी पडते, गरज पडल्यास गोळ्या आहेत. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते. शस्त्रक्रिया नको असलेल्या किंवा न झेपणाऱ्या बाईला ती वर्षानुवर्षे चालते. तिच्याबद्दल किती जणींना सांगितले जाते?

पुरुषांच्या बाबतीत मौनाची किंमत कधी जिवाने मोजावी लागते. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असतात, त्या आधी आकसतात. ताठरता न येणे हा कित्येकदा छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधी मिळालेला इशारा असतो. भारतात मधुमेही १० कोटींवर गेले आहेत, हे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. त्यांतल्या पुरुषांना हा प्रश्न विचारला गेला नाही, तर ते भिंतीवरची ‘गुप्तरोग’ची जाहिरात वाचून जातात. १९५४ चा कायदा अशा जाहिरातींना मनाई करतो, तरी त्या रेल्वेच्या कडेला दिसतातच. त्या जाहिरातवाल्यांकडे लोकांची रीघ लागते हाच माझ्या प्रतिपक्षाविरुद्धचा मोठा पुरावा आहे. हे पुरुष अनोळखी माणसाकडे जाऊन सगळे सांगतात, पैसे मोजतात. आणि ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी दुकानातून परस्पर घेणारा हृदयरोगी छातीदुखीच्या नायट्रेटच्या गोळ्यांसोबत ती घेतो, तेव्हा रक्तदाब एकदम कोसळून जीव धोक्यात येतो.

म्हाताऱ्यांना डायपर लावून प्रश्न मिटवणे हीसुद्धा त्याच मौनाची एक तऱ्हा. आधी लघवीची तपासणी, बद्धकोष्ठ, वाढलेली साखर, रक्तदाबाच्या कोणत्या गोळीने लघवी वाढली, हे पाहायला हवे. यांतली कित्येक कारणे आठवड्या-पंधरवड्यात दूर होतात.

लाज नाही असे मी कुठेही म्हटलेले नाही. लाज आहे. प्रतिष्ठेच्या, एकांताच्या इच्छेत ती मुरलेली असते आणि तिचा मान राखलाच पाहिजे. तो पडद्याने राखावा, सभ्य शब्दांनी राखावा, रुग्णाचे गुपित बाहेर न फोडण्याने राखावा. तिच्या नावाने प्रश्नच न विचारणे हा तिचा मान नव्हे. त्यात सोय आपली, डॉक्टरांची आणि घरच्यांची होते.

वैद्यकीय महाविद्यालयांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना माझी विनंती आहे, की केसपेपरवर ‘लघवीवर ताबा’ आणि ‘संबंधात अडचण’ अशा दोन ओळी छापा आणि चाळिशीनंतरच्या प्रत्येक रुग्णाला, बाळंत झालेल्या प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक मधुमेह्याला त्या विचारून भरा. आणि वाचकांपैकी ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. लघवीत रक्त दिसले, किंवा पायांना बधिरपणा येऊन अचानक ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. एरवी सांगायला एक वाक्य पुरते : ‘डॉक्टर, माझे कपडे ओले होतात, आणि मला यावर उपचार हवा आहे.’